लुगड्याचा आडपडदा

निवडीच्या त्या तक्त्यातले गुण मी माझ्या हातानं भरले. आधी मला निकाल सांगितला गेला आणि मग गुण भरायला बसवलं. साहेब म्हणाले, "दोन नंबरचा माणूस पहिला आला पाहिजे, बाकी तुझं तू बघ." मी बघितलं. आधी शिसपेन्सिलीनं आकडे टाकले, बेरीज जुळवली, मग वरून शाई फिरवली. अक्षर माझं चांगलं होतं. साहेबांनी तक्ता उजेडात धरून बघितला आणि "झकास" म्हणाले. त्या एका शब्दानं मला बरं वाटलं होतं, हे आठवलं की आजही स्वतःचीच शिसारी येते.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मिलचा संप कधीच फिसकटला होता, वडील घरी बसून होते आणि मी घाटकोपरच्या आमच्या रस्ते-पूल कार्यालयात कनिष्ठ अभियंता म्हणून नुकताच चिकटलो होतो. अजून कायम व्हायचा होतो. नाहूरला तेव्हा स्टेशन नव्हतं, नुसतं रेल्वे फाटक. त्या फाटकावर बसगाड्या अर्धा-अर्धा तास खोळंबायच्या. म्हणून रुळांवरून पूल आणि पूर्वेला खाडीच्या अंगानं त्याला जोडणारा बसचा रस्ता असं काम निघालं होतं. पैसा परदेशी कर्जाचा होता आणि कर्ज देणाऱ्यांनी एक अट घातली होती. खोदाईआधी पुरातत्त्वाचा जाणकार नेमा, रस्त्याच्या वाटेत काही जुनं आहे का ते त्याच्याकडून तपासून घ्या, आणि निघालं तर रस्ता वळवा.

"मुंबईच्या उपनगरात जुनं काय असणार?" साहेब म्हणाले. "आपलं कार्यालय सोडून."

आम्ही सगळे हसलो. साहेबांच्या विनोदाला हसणं हाही नोकरीचाच भाग होता.

अर्ज तीन आले. एक अपुरा होता, तो बाजूला पडला. उरले दोघं. त्यातली एक बाई होती, पन्नाशीची, मुलुंडला राहणारी, कॉलेजात इतिहास शिकवून मोकळी झालेली. मुलाखतीला आली तेव्हा तिच्या चपलांना चिखल होता. साहेबांची नजर आधी तिथंच गेली. ती म्हणाली, "जागा बघूनच आले. न बघता काय बोलणार?" मग तिनं आम्हालाच विचारलं, "तुमच्याकडे कामावर एखादी बाई आहे का, माझ्याबरोबर द्यायला?"

"कशाला?"

"तुमच्या नकाशावर गावठाणाच्या कडेला देऊळ दाखवलंय. या पट्ट्यात गावदेवीचं सगळं बायकांच्या हातात असतं. पुरुषांनी विचारलं तर त्या तोंड उघडायच्या नाहीत. चार घरी बसावं लागेल, त्यांच्याबरोबर भाकऱ्या थापाव्या लागतील. मला दोन महिने द्या."

ती गेल्यावर साहेबांनी टेबलावर थाप मारली. "दोन महिने ही बाई गप्पा मारणार, भाकऱ्या थापणार, आणि आपण काय फाटक उघडायची वाट बघत बसायचं?" पुन्हा सगळे हसले. मीही.

दुसरा उमेदवार सफारीतला. त्याच्या बॅगेत प्लास्टिकच्या पिशव्यांत घातलेली, शिक्के मारलेली प्रमाणपत्रं होती. कालव्याची, धरणाची, रस्त्यांची. ती पत्ते मांडावेत तशी त्यानं साहेबांपुढे मांडली आणि म्हणाला, "आजवर माझ्या एकाही रस्त्यात काही सापडलेलं नाही."

हे तो अभिमानानं म्हणाला. वैद्यानं सांगावं की माझ्या एकाही रोग्याला मी रोग निघू दिला नाही, तसं. साहेबांचा चेहरा उजळला. साहेब यालाच दोन नंबरचा माणूस म्हणायचे आणि यालाच मी पहिला आणला. 'स्थानिकांशी संवाद' या रकान्यात त्याला बाईंपेक्षा जास्त गुण दिले, कारण त्याशिवाय बेरीज जमत नव्हती.

सल्लागार जागेवर एकदाच आला. जीपमधून उतरला तोच नाकाला रुमाल लावून, कारण भरती ओसरली होती आणि खाडीचा वास सुटला होता. गावठाणाच्या टोकाला, मिठागराच्या बांधाजवळ, ती गावदेवी. देऊळ म्हणजे चार खांब आणि कौलं. आत कंबरभर उंचीचा शेंदूर फासलेला उभा दगड. शेंदूर इतका जाड की दगडाला ना कोपरा उरला होता ना धार. त्याला शेंदूर चढवण्याचा मान ज्या घराचा, त्या घरातली म्हातारी दारातच बसलेली होती. सगळं गाव तिला आजी म्हणायचं. मोजमापाच्या दिवसांत मी रोज तिच्या ओट्यावर डबा खायचो आणि ती सुकटीची चटणी माझ्या पोळीवर न विचारता ठेवायची. शेजारच्या ख्रिस्ती घरातली मंडळीसुद्धा लग्न ठरलं की आधी इथं नारळ ठेवायची आणि मग चर्चमध्ये जायची. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

सल्लागार तीन पावलांवर उभा राहिला. गळ्यात कॅमेरा. भोवती गावातले सगळे पुरुष जमलेले. त्यानं मोठ्यानं विचारलं, "आजी, हा शेंदूर काढला तर खाली काय आहे?"

आजीनं पदर ओढून घेतला. पुरुषांकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"काय नाय. नुसता धोंडा हाय."

"काही कोरलेलं? अक्षरं?"

"नाय म्हंतंय ना. धोंडा."

गावातले पुरुषही म्हणाले, हो, धोंडाच. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तेवढंच ठाऊक होतं. सल्लागारानं तिथंच बॉनेटवर कागद ठेवून जबानी लिहिली. शाईचा पॅड मी धरला आणि आजीचा अंगठाही मीच धरून टेकवला. अंगठ्याच्या चिरांत शेंदूर होता, त्यामुळे ठसा निळ्यात लाल असा उमटला. अर्ध्या तासात जीप गेली.

अहवाल आठवड्यात आला, छान बांधीव. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की सदर भाग नदीकाठच्या सुपीक काळ्या जमिनीचा असून येथे प्रामुख्याने ऊस होतो. मी ते वाचून थक्क झालो. मिठागरात ऊस! दुसऱ्याच कुठल्या जिल्ह्यातल्या रस्त्याचा अहवाल घेऊन त्यानं फक्त गावांची नावं बदलली होती. मी पान उघडून साहेबांना दाखवलं.

"मग?" साहेब म्हणाले. "नदी खोड, खाडी लिही. ऊस खोड, मीठ लिही. इंजिनिअर आहेस ना तू?"

मी खोडलं आणि लिहिलं. शेवटच्या पानावर निष्कर्ष होता: रस्त्याच्या वाटेत कोणतेही पुरातन अवशेष नाहीत, देवळातील दगड अनघड व अलीकडचा, पुजाऱ्याची जबानी सोबत जोडली आहे. कर्ज देणाऱ्यांना तेवढं पान पुरेसं होतं.

मग आम्ही चुन्यानं रेघ मारायला गेलो. रेघ देवळाच्या बरोबर मधून जात होती. आजी ओट्यावरून उठून आली आणि रेघेच्या कडेला उभी राहिली.

"ह्या कशाला रं, बाला?"

मी सांगितलं. देऊळ काढावं लागेल, पण सरकार दुसरीकडे नवीन बांधून देईल, लादी बसवून देईल, नवी मूर्तीही देईल.

"आनि ही?"

"ही म्हणजे... आजी, तूच सांगितलंस ना, नुसता धोंडा आहे."

"धोंडा हाय म्हनून काय झाला? माजी आयसासू हिला शेंदूर लावाची." मग म्हणाली, "हिला इथंच ठेवाची असंल तर काय लागतं?"

मी तिला सोप्या शब्दांत सांगितलं, की दगडावर काही जुनं कोरलेलं असतं, अक्षरं असती, तर नियमानं रस्ता पन्नास पावलं सरकवावा लागला असता. तसा तो सरकवता येण्यासारखा होता. पलीकडे एका बड्या माणसाच्या कुंपणाची भिंत होती, तिला धक्का लागला असता इतकंच.

आजी वळून घरात गेली. मला वाटलं, रागावली. थोड्या वेळानं तिनं आतून हाक मारली. सुनेला तिनं बाहेर पाठवून दिलं होतं. भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि माझ्याकडे पाठ करूनच बोलायला लागली.

शेंदूर वर्षानुवर्षं चढत गेला की त्याचा थर जड होतो आणि एके दिवशी सगळाच्या सगळा निखळून पडतो. देवीनं खोळ टाकली म्हणतात त्याला. आजीच्या हयातीत ते दोनदा झालं होतं. खोळ पडली की कळल्याबरोबर त्या घरच्या बायका धावत जायच्या, चौघी चार बाजूंनी नऊवारी लुगडं धरून आडोसा करायच्या आणि आत एकटी सासू नवा शेंदूर थापायची. जाड थापायचा, दोन-दोन बोटं. ते झाल्याशिवाय लुगडं खाली यायचं नाही. पडलेली खोळ मग खाडीत सोडायची. गावातल्या एकाही पुरुषानं देवीला उघडं बघितलेलं नव्हतं.

"का?" मी विचारलं.

तिचे कान लाल झाले होते. पाठमोरी होती तरी मला दिसत होते. एवढी म्हातारी बाई, चार मुलं मोठी केलेली, नवरा पोचवलेला, आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"वर चांद-सूर्य हान. मधी अक्षरं हान, लई. आनि खाली... खाली बाय हाय. आनि गारव हाय. गाढव रं. बायवर."

कॉलेजात असताना एका सहलीत मी असा दगड बघितला होता. गधेगाळ. राजा जमीन दान करायचा, दानाचं शासन दगडावर कोरायचा आणि शेवटी शाप घालायचा: ही जमीन जो हिसकावून घेईल, हा दगड जो हलवील, त्याच्या आईला गाढव लागेल. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळावं म्हणून खाली चित्र. शेकडो वर्षं जुना दगड, लेखासकट, आणि त्या सफारीवाल्यानं त्याला अनघड आणि अलीकडचा म्हटलं होतं.

"आजी, हे त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"एवड्या बाप्यांसमोर? तो पोटू काढाचा कॅमेरा घेऊन हुबा, आनि मी सांगू बायवर गाढव हाय?" ती पहिल्यांदा वळली. "तुला सांगतंय कारन तू पोरासारका हास. मोठ्या सायबाला सांगाचा तर एकट्याला सांग. गावात कोनाला कलू देऊ नको. आमची सासू वर गेली तरी ह्या घराबाहेर बोलली नव्हती."

मुलुंडची ती बाई म्हणाली होती, बायका पुरुषांना सांगणार नाहीत. मला तिच्या चपलांचा चिखल आठवला आणि माझ्या हातचे गुण आठवले. तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती कोणावर काढणार? अक्षर तर माझंच होतं.

मी साहेबांना एकट्याला सांगितलं. खोलीचं दार लावून घेऊन सांगितलं. साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि दार उघडून हेडक्लार्कला हाक मारली, "अहो, इकडे या, गंमत ऐका!"

दुपारपर्यंत सगळ्या कार्यालयाला कळलं. चहाच्या वेळी एकानं विचारलं, "काय रे, तुझ्या गाढवाचं काय झालं?" दुसरा म्हणाला, "अडला हरी, गाढवाचे पाय धरी!" आणि मग ते रोजचंच झालं. मी जिन्यात दिसलो की कोणीतरी वरच्या मजल्यावरून गाढवाचा आवाज काढायचा. त्या जिन्याच्या भिंती पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेल्या होत्या आणि त्या माणसांची तोंडंही तशीच होती. ज्या गोष्टीसाठी एका म्हातारीनं भिंतीकडे तोंड केलं, ती यांनी चहात बिस्कीट बुडवावं तशी बुडवून खाल्ली.

साहेबांनी सल्लागाराला फोन लावला. तो पलीकडून इतक्या मोठ्यानं बोलत होता की मला ऐकू येत होतं. "अंगठा आहे ना कागदावर? मग झालं तर. आता ती काहीही म्हणेल. जागा जातेय ना तिची."

"एकदा शेंदूर काढून बघू या ना साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी फोन ठेवला. माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. आवाज अगदी मऊ. "लेखी दे. तुझ्या नावानं, तुझ्या सहीनं. की सल्लागाराची निवड चुकली, अहवाल चुकला. मी वर पाठवतो. मात्र निवडीचा तक्ता कोणाच्या अक्षरात आहे, तेवढं आठव. आणि हो, तुला कायम करायची फाईलही याच आठवड्यात वर जातेय."

तो कागद मी घडी घालून खिशात ठेवला. भांडुपच्या चाळीत आई, वडील, दोन बहिणी आणि घरात एकच पगार, माझा. मुलुंडच्या बाईंचा पत्ता फायलीत होता. मुलुंड म्हणजे तेव्हा भांडुपच्या पुढचंच स्टेशन. जाऊन नुसतं सांगितलं असतं, तरी तिनं कोणाला तरी हलवलं असतं. मी गेलो नाही. तो कागद पुढे पँटबरोबर धुतला गेला आणि आईनं त्याचा लगदा खिशातून काढला.

दगड काढायचा ठरला त्या दिवशी कार्यालयातून दोन जीपा भरून माणसं आली. ज्यांचं त्या कामाशी काही नातं नव्हतं तेही, अगदी टंकलेखकापर्यंत. गाढव बघायला. एकानं घरून कॅमेरा आणला होता. मी आयुष्यात बरीच घाण बघितली आहे, तुंबलेल्या गटारांत उतरून मापं घेतली आहेत, पण त्या दोन जीपांइतकी किळस मला कशाचीच आली नाही. आणि त्यातल्या एकीत पुढच्या सीटवर मी बसलो होतो.

गावातले पुरुष शांत होते. त्यांना लादीचं नवं देऊळ मिळणार होतं. आजी शेंदराची वाटी घेऊन आणि तिच्या घरच्या चौघी लुगडं घेऊन उभ्या होत्या.

मुकादमानं बुडाशी पहार घातली. पहिल्याच हिसड्याला शेंदूर तडकला. दुसऱ्या हिसड्याला अख्खी खोळ निखळली आणि खाली पडून तिचे तुकडे झाले. त्या क्षणी चौघींनी लुगडं ताणलं. साहेब ओरडले, "ए, बाजूला व्हा, सरकारी काम आहे!" बायका हलल्या नाहीत. तेव्हा कॅमेरेवाला जीपच्या बॉनेटवर चढला आणि लुगड्यावरून आत बघून खिदळला. मग एकेक करून सगळे चढले. आत आजी गुडघ्यांवर बसून वाटीतला शेंदूर दोन्ही हातांनी दगडाच्या खालच्या भागावर फासत होती. तेल कमी पडत होतं, शेंदूर धरत नव्हता. ती पुन्हा पुन्हा फासत होती.

साहेब सरकारी कामाचं निमित्त करून सरळ आडोशाच्या आत घुसले आणि मला मागून बोलावलं. मी गेलो. वर चंद्र-सूर्य होते. त्यांच्याखाली आठ-नऊ ओळी, खाचांत शेंदूर बसलेला, त्यामुळे अक्षर न् अक्षर लाल होऊन उठलेलं. आंधळ्यालाही कळलं असतं की हे जुनं आहे. साहेबांचं हसू क्षणभर गेलं. बाहेर कॅमेरा आहे, हे त्यांना तेव्हा आठवलं असावं. त्यांनी बॉनेटवरच्याला खाली ओढून रोल काढायला लावला आणि मुकादमाला म्हणाले, "पालथा घाल. पुलाच्या भरावात. आजच्या आज."

"साहेब, तो दगड यांना तरी द्या," मी म्हणालो. एवढंच म्हणालो.

"देतो हं. उद्या कोणी वाचला की तुझा तक्ताही वाचतील."

दगड पालथा झाला, दोरखंडानं ट्रॉलीवर चढला. आजीनं लुगड्याची घडी घातली. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. मला वाटलं ती मला शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या. ती जवळ आली आणि हळूच विचारलं,

"तुजी आय जिती हाय ना रं?"

"आहे."

"मंग सांबाल तिला. ह्यो दगड उठवील त्याचे आयला लागतं, आमची सासू सांगाची." मग सुनेला म्हणाली, "चल गं," आणि खोळीचे तुकडे पदरात गोळा करून खाडीकडे गेली. तिला माझा राग आला नव्हता. तिला माझ्या आईची काळजी वाटली होती.

त्या संध्याकाळी घरी आईनं ताट वाढलं. मी हात धुऊन बसलो आणि घास उचलेना. "काय झाला तुका? असो गप कित्याक बसलंस?" तिनं विचारलं. मी म्हणालो, ऊन लागलं.

त्याच महिन्यात मी कायम झालो. गावठाणाला गुळगुळीत लादीचं देऊळ मिळालं, संगमरवरी मूर्ती मिळाली. आजी तिथं कधी गेली नाही असं मुकादम सांगायचा. पूल झाला, बस सुरू झाली. आईचे गुडघे धरले होते आणि दवाखाना पलीकडे, त्यामुळे आठवड्यातून एकदा मी तिला त्या बसनं न्यायचो. भरावाचा चढ लागला की ती खिडकीकडची जागा धरून बसायची, बाहेर बघायची आणि शेजारी कोणीही असो, त्याला सांगायची, "ह्यो पूल माझ्या झिलान बांधल्यान."